जंगल शिकायला परदेशात कशाला? एका बापाच्या प्रश्नाचं उत्तर

मागच्या महिन्यात शाळा सुटल्यावर एक पालक गेटपाशी थांबले होते. केमच्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं शिलाईचं दुकान आहे. त्यांची थोरली मुलगी माझ्या हाताखाली दहावी झाली. आता तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते मुद्द्यावर आले.

"सर, बेटी बोल्ती, जंगल पढनेकू परदेस जाना है. जंगल पढनेकू परदेस कायकू जाना?"

ऐकायला हसू येईल असा प्रश्न, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. शहरातल्या एका एजंटनं मुलीला माहितीपत्रक दिलं होतं. मध्य अमेरिकेत चार महिने, जंगलातल्या केंद्रात मुक्काम, 'ट्रॉपिकल इकॉलॉजी सेमिस्टर', शेवटी प्रमाणपत्र. खर्चाचा आकडा असा की गावाबाहेरची पाच गुंठे जागा विकावी लागली असती. ती जागा त्यांनी धाकटीच्या लग्नासाठी आणि स्वतःच्या म्हातारपणासाठी राखून ठेवलेली. गिऱ्हाईक तयार होतं. इसार घ्यायचा की नाही, हे विचारायला ते आले होते.

मी त्यांना आठ दिवस थांबा म्हटलं. मी काही या विषयाचा जाणकार नाही, शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवणारा माणूस. पण विद्यापीठांची माहिती वाचली, बाहेर शिकणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोललो. जे समजलं ते त्यांना सांगितलं. तोच प्रश्न आणखी घरांत येणार, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

हा विषय म्हणजे नेमकं काय?

इकॉलॉजीला मराठीत परिसरशास्त्र म्हणतात. झाड, किडा, पक्षी, जनावर, माती, पाणी आणि माणूस यांचं एकमेकांशी काय नातं आहे, कोण कोणाला खातं, कोण कोणाला जगवतं, हे मोजून, नोंदी ठेवून शिकायचं शास्त्र. 'मोजून' हा शब्द महत्त्वाचा आहे. जंगलात फिरणं, फोटो काढणं म्हणजे परिसरशास्त्र नव्हे.

आता 'ट्रॉपिकल', म्हणजे उष्णकटिबंधीय. वर्गात पृथ्वीचा गोल दाखवताना मी मुलांना कर्कवृत्तावर बोट ठेवायला लावतो. ते विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेतेवीस अंशांवर. दक्षिणेला तेवढ्याच अंतरावर मकरवृत्त. या दोघांमधला पट्टा म्हणजे उष्णकटिबंध. मग विचारतो, आपलं केम कुठे? सुमारे अठरा अंश उत्तरेला. म्हणजे पट्ट्याच्या आत. अख्खा महाराष्ट्र आतच आहे. आपण स्वतःच उष्णकटिबंधात जन्मलो, वाढलो.

मुलांना हे पटत नाही. कारण ट्रॉपिकल म्हटलं की डोळ्यांसमोर टीव्हीवरचं हिरवंगार जंगल येतं. कोस्टारिकातल्या ला सेल्वा या केंद्रावर वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यात साडेपाचशेच्या आसपास, तोही पडला तर. पण उष्णकटिबंधात सदाहरित जंगलं आहेत तशी उन्हाळ्यात पानं झाडणारी कोरडी जंगलं आहेत, खाडीकाठची तिवरं आहेत, समुद्रातले प्रवाळ आहेत आणि गवताळ माळही आहेत. आफ्रिकेतल्या सवाना या गवताळ रानाबद्दल पुस्तकात वाचतो ना, त्याच नात्यातला आपला माळ.

या माळाशी आपल्या तालुक्याचा जुना हिशेब आहे. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. नान्नजचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्याची हद्द सोलापूर आणि अहमदनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेली होती आणि आपला करमाळा तालुकाही त्यात होता. एकूण क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. जमिनीचे व्यवहार अडले, लोक वैतागले. पुढे हद्द कमी होऊन सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. आणि इतकं होऊनही माळढोक सोलापुरातून जवळजवळ दिसेनासाच झाला.

एका माळढोकाला किती माळ लागतो? गवत किती उंच हवं? शेळ्या-मेंढ्या चरल्या तर त्याचं बिघडतं की चालतं? ज्वारीच्या शेतात तो राहू शकतो का? हे सगळे उष्णकटिबंधीय परिसरशास्त्राचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं मोजून मिळालेली असतील तर हद्द आखताना पक्ष्याचाही विचार होतो आणि शेतकऱ्याचाही. म्हणून मी त्या पालकांना म्हटलं, तुमची बेटी जे शिकायचं म्हणते त्याचा तुमच्या सातबाऱ्याशीसुद्धा संबंध आहे.

तिथे शिकवतात काय?

एक उदाहरण सांगतो. पनामा कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा पाणी चढत गेलं आणि एका मोठ्या टेकडीचं बेट झालं. उजनीचं पाणी चढून जुनी गावठाणं बुडाली, उंचवटे तेवढे उरले, तसाच प्रकार. त्या बेटाचं नाव बारो कोलोराडो. १९२३ पासून ते संशोधनासाठी राखलेलं आहे आणि अमेरिकेतली स्मिथसोनियन ही संस्था तिथलं केंद्र चालवते. १९८० च्या सुमारास तिथे ५० हेक्टरचा एक तुकडा आखला गेला. त्यातलं एक सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असं प्रत्येक झाड मोजलं, त्याला क्रमांक दिला, नकाशावर जागा नोंदवली. दोन लाखांवर खोडं, तीनशेच्या आसपास जाती. दर काही वर्षांनी पुन्हा तीच मोजणी. कोणतं मेलं, कोणतं जाड झालं, नवं कोण आलं.

हे काम पाहून जगभर असे तुकडे आखले गेले. आपल्या देशात तामिळनाडूच्या मुदुमलाईत १९८८ साली ५० हेक्टरचा तुकडा आखला, तो बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं. म्हणजे हे शिकायला विमानात बसलंच पाहिजे असं नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल, लक्षात ठेवा.

अशा मोजणीतून काय कळतं? १९७० आणि १९७१ मध्ये जान्झेन आणि कॉनेल या दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळा विचार करून एकच कल्पना मांडली. मोठ्या झाडाखाली त्याच्याच बिया सगळ्यात जास्त पडतात. पण त्याच झाडाचे किडे आणि बुरशी तिथेच दबा धरून असतात, म्हणून आईच्या सावलीतली रोपं बहुतेक मरतात. लांब पडलेलं बी वाचतं. त्यामुळे कोणत्याही एका जातीला सगळी जागा बळकावता येत नाही, आणि एकाच रानात शेकडो जाती नांदतात.

आता हीच गोष्ट आपल्या केळीच्या बागेत आणून पाहा. उजनीच्या पाण्यावर जेऊर, कंदरकडे केळी किती वाढली हे सगळ्यांना दिसतं. आपल्या पोरांना तिथे पॅकिंगचं, गाडी भरायचं काम मिळतं. बहुतेक बागा जी-नाइनच्या, टिश्यू कल्चरच्या रोपांच्या. म्हणजे हजारो झाडं, पण जणू एकच झाड. किड्याला किंवा बुरशीला एक जमलं की सगळी जमली. मध्य अमेरिकेत हे घडून गेलं आहे. तिथे आधी ग्रो मिशेल नावाची केळी होती. जमिनीतून येणाऱ्या बुरशीनं, ज्याला पनामा मर म्हणतात, १९५० आणि ६० च्या दशकांपर्यंत तिचा व्यापार संपवला. मग त्या बुरशीला दाद न देणारी कॅव्हेंडिश गटातली केळी आली. आपली जी-नाइन त्याच गटातली. आणि आता याच गटाला धरणारा त्या बुरशीचा नवा प्रकार आशियात पसरला आहे, आपल्या देशात बिहार-उत्तर प्रदेशच्या बागांतही सापडला आहे.

शिलाईवाले भाई हे ऐकताना पहिल्यांदा सरळ होऊन बसले. त्यांचा भाचा केळीच्या गाडीवर असतो.

आपल्यातलं कोण गेलं होतं?

सलीम अली हे नाव आपल्या घरात मुलांना माहीत असायला हवं. जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी सांभाळलं. छर्ऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. पक्ष्यांचा नाद तिथून लागला.

पण पुढचं कमी लोकांना माहीत असतं. विद्यापीठाची पदवी नव्हती म्हणून त्यांना पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा मिळाली नाही. मुंबईच्या संग्रहालयात गाइड म्हणून नोकरी होती. त्यातून रजा काढून १९२९ च्या सुमारास ते बर्लिनला गेले आणि तिथल्या प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयात एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. पक्ष्याच्या पायात वाळं घालून त्याचा प्रवास कसा शोधायचा, हेही जर्मनीतच पाहिलं.

१९३० मध्ये परत आले तर नोकरी गेलेली. पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झाली होती. बर्लिनहून शिकून आलेला माणूस बेकार. मग ते अलिबागजवळ किहीमला पत्नीच्या घरच्यांच्या बंगलीत राहायला गेले. तिथे समोरच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. रोज बसून नोंदी केल्या. नर घरटं अर्धं विणतो, मादीनं पसंत केलं तरच पुरं करतो, आणि मग दुसरीसाठी दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी दाखवून दिलं. या कामानं त्यांचं नाव झालं. पुढे हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा माळढोकाची बाजू घेणारे तेच होते. तो मान मोराला गेला.

या हकिकतीतून पालकांनी दोन गोष्टी घ्याव्यात. परदेशातून शिकून आल्यावर नोकरी वाट पाहत उभी असते, असं नसतं. सलीम अलींनासुद्धा नव्हती. आणि बर्लिनहून त्यांनी आणली ती पाहण्याची आणि नोंद ठेवण्याची पद्धत. सुगरण तर आपल्याकडचीच होती, विहिरीवरच्या बाभळीला लटकणारी.

दुसरं उदाहरण पुण्याचे माधव गाडगीळ. मुंबईत एमएस्सी, मग हार्वर्डला जाऊन १९६९ मध्ये पीएचडी, विषय गणिताच्या अंगानं परिसरशास्त्र. १९७१ मध्ये परत आले. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. पुढे बंगळुरूत परिसरशास्त्राचं केंद्र उभं केलं. गावातली माणसं जंगलाबद्दल काय जाणतात, हे त्यांनी कायम महत्त्वाचं मानलं.

तिसरं उदाहरण आजचं. पुण्याचे आशिष नेर्लेकर अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकले, विषय उष्णकटिबंधातले गवताळ माळ. २०२५ मध्ये त्यांनी आणि दिग्विजय पाटील यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेराव्या शतकापासूनच्या जुन्या मराठी साहित्यात आणि लोककथांत कोणकोणत्या झाडांचे उल्लेख आहेत ते त्यांनी शोधले. बहुतेक झाडं माळावरचीच निघाली. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला माळ हा जंगल तोडून उरलेला उजाड भाग नव्हे. तो शेकडो वर्षं माळच आहे. सरकारी कागदावर ज्याला आपण 'पडीक' म्हणतो त्या जमिनीबद्दलचं हे संशोधन, आणि त्यात कामी आली मराठी. आपल्या मुलांना मराठी, उर्दू आणि दखनी अशा तिन्ही बोलींतली गवताची, झाडाची नावं येतात. ती पुंजी आहे, ओझं नाही.

घरच्यांचे प्रश्न

मुलगी एकटी जंगलात? संशोधन केंद्रावर विद्यार्थी गटानं राहतात. रानात जाताना कुठे जाणार आणि कधी येणार हे नोंदवून जायचं, अशी शिस्त चांगल्या केंद्रांवर असते. तरी प्रवेश घेण्याआधी विचारून घ्या: मुलींची राहण्याची सोय वेगळी आहे का, दवाखाना किती लांब, तक्रार कोणाकडे करायची, विमा कोणाचा. लेखी उत्तर मागा. चांगली संस्था अशा प्रश्नांनी नाराज होत नाही.

खाणं? कोस्टारिकात रोजचं जेवण म्हणजे भात आणि काळा घेवडा. हलाल गोश्त जंगलात मिळणार नाही हे धरून चालावं. डाळ-भात, अंडी, फळं यांवर राहायची तयारी हवी.

नमाज-रोजे? इथे भूगोल मदतीला येतो. विषुववृत्ताजवळ दिवस-रात्र वर्षभर जवळपास सारखे असतात. कोस्टारिकात सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात एक-सव्वा तासाचाच फरक. ब्रुसेल्ससारख्या शहरात मात्र जूनचा दिवस साडेसोळा तासांचा. कोणत्या देशात, कोणत्या महिन्यात जायचं, हे ठरवताना हा हिशेब घरात करता येतो.

तब्येत? गमबूट, पाऊस, डास, साप, पहाटे पाचला उठणं, हे रोजचं. पनामा, ब्राझील आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती सरकारनं ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून ठेवतात.

पैसा आणि रस्ता

आता मूळ प्रश्न, जागा विकायची का? माझं स्पष्ट मत, त्या माहितीपत्रकासाठी नाही.

कारण असं. जंगलातलं सेमिस्टर ही मूळची अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांची सोय आहे. कोस्टारिकात केंद्रं चालवणारी उष्णकटिबंधीय अभ्यासाची संघटना १९६३ साली अमेरिकेतल्या आणि कोस्टारिकातल्या विद्यापीठांनी मिळून काढली. शिक्षण उत्तम, यात शंका नाही. पण तिकडच्या मुलाला त्या चार महिन्यांचे गुण त्याच्या पदवीत धरून मिळतात. आपल्या मुलीचे धरले जातील का, हे कॉलेजकडून आणि विद्यापीठाकडून लेखी घेतल्याशिवाय एक रुपया भरू नये. नाहीतर चार महिन्यांचा अभ्यास इकडे बुडतो आणि हातात राहतं ते फक्त प्रमाणपत्र.

त्यापेक्षा पदवी पुरी करून एमएस्सीला किंवा पीएचडीला जाणं बरं. तिथे शिष्यवृत्तीचे खरे दरवाजे आहेत.

युरोपात इरास्मस मुंडस नावाची शिष्यवृत्ती आहे. फी माफ आणि महिन्याला १,४०० युरो. याच योजनेत ट्रॉपिमुंडो हा उष्णकटिबंधीय जैवविविधतेचा एमएस्सी अभ्यासक्रम चालत आला आहे. ब्रुसेल्सच्या विद्यापीठाच्या पुढाकारानं चालतो. काही काळ युरोपात, काही काळ मलेशिया किंवा कॅमेरूनसारख्या देशात. शिष्यवृत्तीच्या जागा कमी, जगभरातून अर्ज. कोणत्या वर्षी शिष्यवृत्ती आहे ते पाहूनच अर्ज करावा. अर्ज थेट विद्यापीठाकडे जातो, मध्ये एजंट लागत नाही.

जर्मनीत ग्योटिंगेन आणि ड्रेस्डेन इथे उष्णकटिबंधीय वनशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. पण व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे खात्यात दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. 'जर्मनीत शिक्षण फुकट' असं सांगणारे हा आकडा सांगत नाहीत. डाड ही जर्मन संस्था काही अभ्यासक्रमांना शिष्यवृत्ती देते, त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात.

अमेरिकेत एमएस्सी महाग. पीएचडीला मात्र शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाच्या बदल्यात फी माफ होऊन पगार मिळतो, असं बऱ्याच विद्यापीठांत आहे. तिथे अनेक ठिकाणी एकूण सोळा वर्षांचं शिक्षण लागतं, म्हणून तीन वर्षांच्या बीएस्सीनंतर इथेच एमएस्सी करून जाणं सोयीचं.

आपल्या राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे. जागा मोजक्या आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचं लागतं. त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. केंद्राची 'पढो परदेश' ही व्याज-सवलतीची योजना मात्र २०२२-२३ पासून बंद आहे. कोणी अजून तिचं नाव सांगून कर्ज काढायला लावत असेल तर सावध राहा.

व्याजाचा प्रश्न आपल्या घरात येतोच. के. सी. महिंद्रा ट्रस्ट परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतो. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्ज-शिष्यवृत्ती देतं. दोन्हीकडे मुलाखत कडक असते, पण आपली मुलं तिथे अर्जच करत नाहीत, ही खरी अडचण आहे.

केममध्ये बसून आज काय करता येईल?

परदेशातले प्राध्यापक मुलाखतीत विचारतात, तू आजवर काय पाहिलंस, काय मोजलंस? गुणपत्रिकेत त्याचं उत्तर नसतं. म्हणून मुलांनी आजच सुरुवात करावी.

एक वही घ्या. घराजवळची दहा झाडं ठरवा, कडुनिंब, बाभूळ, बोर, चिंच, जे असेल ते. दर आठवड्याला लिहा: पालवी कधी आली, फूल कधी, फळ कधी. सीझनवॉच नावाच्या प्रकल्पात देशभरातली मुलं अशाच नोंदी पाठवतात. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्डवर करता येतात. दोन्हीला पैसे लागत नाहीत. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. उजनीवर रोहित पाहायला लोक मुंबई-पुण्याहून येतात. आपण तर शेजारी आहोत.

इंग्रजी आणि संख्याशास्त्र पक्कं करा. या विषयात अर्धं काम आकड्यांचं असतं. त्यासाठी 'आर' नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. दक्षिण किंवा मध्य अमेरिकेत जायचं मनात असेल तर स्पॅनिश सुरू करा.

आणि आधी देशातली दारं ठोठवा. पुण्यात गरवारे कॉलेजात जैवविविधतेचं एमएस्सी आहे. डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूला एनसीबीएसचा वन्यजीव अभ्यासक्रम आणि भारतीय विज्ञान संस्था. काही ठिकाणी दरवर्षी प्रवेश नसतो, म्हणून वर्षभर आधी चौकशी करावी. तिथे प्रवेश मिळवलेल्या मुलाला पुढे परदेशी शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र देणारे गुरू मिळतात. जमीन विकून ते मिळत नाही.

हे सगळं मी त्या भाईंना आणि मुलीला समोरासमोर बसवून सांगितलं. मुलगी थोडी नाराज झाली. तिला यंदाच जायचं होतं. म्हणाली, "सर, मग तोवर माझी उमेद कमी झाली तर?" मी म्हटलं, उमेद कशी टिकते ते वहीत बघू. अब्बूंनी इसार घेतला नाही. पण त्यांनी एक गोष्ट केली, जी मला जागा न विकण्याइतकीच मोलाची वाटली. जानेवारीतल्या गणनेला तिला उजनीवर स्वतः घेऊन जाईन, दुकान एक दिवस बंद ठेवीन, असं कबूल केलं.

तिची वही मी परवा पाहिली. दहा झाडांत तिनं दुकानासमोरचा कडुनिंबही घेतला आहे. खाली टीप आहे: या झाडाखाली गेल्या पावसात उगवलेली रोपं २३, आज उरलेली ४. कोणी न सांगता तिनं ती मोजली होती. शिक्षक म्हणून मला एवढं पुरेसं आहे. ज्यांच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल त्यांनी 'जंगल शिकून काय मिळणार' असं म्हणून विषय बंद करू नये, आणि पहिल्याच माहितीपत्रकावर सहीही करू नये. आधी वही मागून पाहावी.